कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग झाल्यास काय करावे

गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर शंभरांतील साधारण एका किंवा दोघा रुग्णांच्या कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होतो. एकदा बदललेला सांधा पुन्हा बदलावा लागला असेल, तर हे प्रमाण आणखी वाढते. आकडा लहान वाटतो, पण ज्या घरात हा प्रसंग येतो त्या घराचे अनेक महिने दवाखाना, रक्ततपासण्या आणि खर्चाची जुळवाजुळव यांत जातात, आणि पुष्कळदा पहिल्या आठ-दहा दिवसांत घेतलेल्या निर्णयांवर पुढचे सगळे ठरते. म्हणून हा मजकूर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी लिहिला आहे. सर्जनच्या सल्ल्याची जागा तो घेऊ शकत नाही. परंतु सर्जनकडे केव्हा जावे, जाताना काय न्यावे, काय विचारावे आणि त्याआधी काय करू नये, हे त्यातून समजावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगायला हवी. कृत्रिम सांध्यात संसर्ग झाल्याची शंका आली, की प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी, ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या सर्जनना गाठावे. ताप आला, गुडघा लाल झाला, म्हणून जवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या आणणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. इथे त्या सवयीने घात होतो. पाच दिवसांत दुखणे थोडे दबते, सांध्यातले जंतू मरत नाहीत, आणि पुढे सांध्यातील पाण्याचा नमुना तपासायला पाठवला की कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच वाढत नाही. जंतू कोणता हे कळले नाही, तर पुढचे कित्येक आठवड्यांचे औषध अंदाजाने द्यावे लागते.

नुसत्या गोळ्यांनी का भागत नाही

आपल्या हाडामांसाला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथे पांढऱ्या पेशी पोचतात आणि औषधही पोचते. धातू आणि प्लॅस्टिकच्या सांध्याला रक्तवाहिन्या नाहीत. त्याच्या पृष्ठभागावर थोडेसे जंतू चिकटले, तरी ते स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतात आणि त्याखाली संथ गतीने जगत राहतात. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर धरलेले बुळबुळीत शेवाळ नुसते पाणी बदलून जात नाही, ते घासूनच काढावे लागते. तसेच हे आहे. या पापुद्र्याखालच्या जंतूंना मारण्यासाठी औषधाचे जे प्रमाण लागते, ते मोकळ्या जंतूंसाठी लागणाऱ्या प्रमाणाच्या शेकडो पट, कधी हजार पट असू शकते आणि एवढे औषध शरीराला सोसणारे नसते. म्हणूनच कृत्रिम सांध्याच्या संसर्गावर शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके असा जोड उपचार लागतो. पापुद्रा कोवळा असेपर्यंत तो धुऊन काढता येतो. तो पक्का झाला की सांधाच काढावा लागण्याची शक्यता वाढते. घाई करायची ती याच कारणासाठी.

बहुतेक संसर्गांमागे आपल्याच कातडीवर राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असतात. काही शस्त्रक्रियेच्या वेळीच आत शिरतात, आणि काही अनेक वर्षांनी लघवीच्या संसर्गातून, किडलेल्या दाताच्या मुळातून किंवा मधुमेही पायाच्या चिघळलेल्या भेगेतून रक्तावाटे सांध्यात पोचतात. दहा वर्षे उत्तम चाललेला गुडघा एके दिवशी सुजून लाल होतो तो असा. त्यामुळे 'शस्त्रक्रियेला आता इतकी वर्षे झाली, याचा त्याच्याशी काय संबंध' असे समजून स्वस्थ बसू नये.

कोणती लक्षणे पाहावीत

शस्त्रक्रियेनंतर गुडघा काही आठवडे सुजलेला आणि हाताला कोमट लागतो, हे स्वाभाविक आहे. खुणेची गोष्ट म्हणजे दिशा. दुखणे, सूज, उष्णता आठवड्यागणिक कमी होत गेली पाहिजे. कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागले, रात्री विश्रांतीतही ठणकू लागले, किंवा फिजिओथेरपीत वाकू लागलेला गुडघा पुन्हा अडखळू लागला, तर ते दाखवण्याजोगे लक्षण आहे. ताप असेलच असे नाही. सौम्य जातीच्या जंतूंचा संसर्ग महिनोन्महिने तापाशिवाय, नुसत्या दुखण्याच्या रूपाने राहू शकतो आणि त्याला 'सांधा सैल झाला' असे समजले जाते.

जखमेतून पाणी येण्याबाबत थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण इथेच सर्वाधिक वेळ वाया जातो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ड्रेसिंगवर थोडा रक्ताळ डाग पडतो. घरी आल्यावर या डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी आणि शेजारी तारीख व वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या बाहेर गेला आहे की आतच वाळला आहे, हे एका नजरेत कळते, आणि फोनवर 'थोडेसे पाणी येतेय' असे मोघम सांगण्याऐवजी सर्जनना नेमकी माहिती देता येते. शस्त्रक्रियेनंतर पाच ते सात दिवस उलटूनही जखम कोरडी झाली नसेल, पाणी पिवळे, गढूळ किंवा दुर्गंधीचे असेल, टाक्यांची कड काळी पडली असेल किंवा उघडली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रोज ड्रेसिंग बदलत आणि गोळ्या खात 'सुकेल आज-उद्या' म्हणून वाट पाहू नये. रोज एकाच जागी, खिडकीजवळच्या उजेडात जखमेचा फोटो काढून ठेवावा. चार दिवसांचे फोटो शेजारी ठेवले की लाली वाढते आहे की ओसरते आहे, हे डॉक्टरांना लगेच दिसते.

कातडीला छिद्र पडून त्यातून अधूनमधून पू किंवा पाणी येत असेल आणि ते थेट सांध्यापर्यंत पोचत असेल, तर सांध्याला संसर्ग झाल्याचा तो निश्चित पुरावा मानतात. असे छिद्र काही दिवस बंद होते, खपली धरते आणि पुन्हा फुटते. खपली धरली म्हणजे बरे झाले, असा अर्थ घेऊ नये.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा. थंडी वाजून जोराचा ताप, बडबड किंवा गुंगी, धाप, रक्तदाब उतरणे, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले, तर संसर्ग रक्तात पसरला असण्याची शक्यता असते. अशा वेळी सर्जनच्या भेटीची वाट न पाहता जवळच्या सुसज्ज रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. तिथे रक्ताचे कल्चर घेऊन लगेच शिरेतून प्रतिजैविक सुरू करतात आणि ते योग्यच असते. नमुन्यासाठी औषध थांबवण्याचा नियम जिवावर बेतलेल्या रुग्णाला लागू नाही. तसेच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती रक्ताची गुठळीही असू शकते. तीही त्याच दिवशी दाखवावी.

सर्जनकडे जाण्यापूर्वी

जखमेवर हळद, लेप, कडुनिंबाचे तेल, प्रतिजैविकाची पूड यांपैकी काहीही लावू नये. शेकू नये. मालीश करू नये. सुजलेल्या गुडघ्यातील पाणी साध्या दवाखान्याच्या टेबलावर काढू देऊ नये, आणि कृत्रिम सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन तर कोणीही सुचवले तरी घेऊ नये. चालू असलेली मधुमेहाची, रक्तदाबाची, रक्त पातळ करण्याची औषधे मनाने बंद करू नयेत. त्यांची यादी सोबत न्यावी. संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर ती पहिल्याच वाक्यात सांगावीत.

कागदपत्रांत डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणी, जुने-नवे एक्स-रे आणि सर्व रक्ततपासण्या घ्याव्यात. डिस्चार्ज कार्डावर किंवा केसपेपरवर बसवलेल्या सांध्याचे छोटे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यांवर कंपनीचे नाव, प्रत्येक भागाचा आकार आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. लोकांना त्यांचे महत्त्व वाटत नाही, पण सांधा धुण्याच्या शस्त्रक्रियेत धातूच्या दोन भागांमधली प्लॅस्टिकची चकती बदलतात आणि ती नेमकी त्याच कंपनीची, त्याच मापाची लागते. स्टिकर हाती असेल तर चकती लगेच मागवता येते. नसेल तर जुने रेकॉर्ड शोधण्यात मोलाचे दिवस जातात. ज्यांची शस्त्रक्रिया सुरळीत झाली आहे त्यांनीही या स्टिकरांचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये आजच ठेवावा.

शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झाली असेल आणि तिथे जाणे शक्य नसेल, तर गावातल्या डॉक्टरांनी मूळ सर्जनशी फोनवर बोलावे, असा आग्रह धरावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

तपासण्या कशा वाचाव्यात

शरीरातील दाह दाखवणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या दोन तपासण्या सुरुवातीला होतात. कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर सीआरपी वाढतेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वाधिक असते आणि मग काही आठवड्यांत मूळ पातळीला येते. ईएसआर उतरायला काही महिनेही लागू शकतात. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. उतरलेली सीआरपी पुन्हा चढली, तर ती गंभीरपणे घ्यावी. दोन्ही तपासण्या नेहमीच्या मर्यादेत असूनही संसर्ग असू शकतो, विशेषतः संथ जंतूंचा.

निर्णायक तपासणी म्हणजे सांध्यातील पाणी सुईने काढून तपासणे. हे काम निर्जंतुक वातावरणात, शक्यतो ऑपरेशन थिएटरमध्ये, लाल झालेली कातडी टाळून करतात. या पाण्यावर पेशींची मोजणी आणि कल्चर अशा दोन्ही तपासण्या मागितल्या आहेत का, हे विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेला बरेच महिने झालेल्या सांध्यात दर मायक्रोलिटरमागे ३००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत ८० टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल्स आढळले, तर संसर्गाची शक्यता दाट समजतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत मात्र पेशी तशाही वाढलेल्या असल्याने ही मर्यादा सुमारे १०,००० धरतात. प्रतिजैविक आधीच सुरू झाले असेल आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर सर्जन ते दोन आठवडे थांबवून मग नमुना घेण्याचा सल्ला देऊ शकतात. हा वेळकाढूपणा नव्हे.

जखमेच्या तोंडावरून कापसाच्या काडीने घेतलेला स्वॅब मात्र फसवा असतो. कातडीवर राहणारे जंतू त्यात उगवतात आणि आतल्या सांध्यात वेगळेच असू शकतात. केवळ स्वॅबच्या अहवालावर महागडी इंजेक्शने सुरू होत असतील, तर 'सांध्यातल्या पाण्याचे कल्चर झाले का' हा प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारावा.

शस्त्रक्रियेच्या वेळी वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक वेळी स्वच्छ हत्यार वापरून पाच-सहा नमुने घेण्याची पद्धत आहे. दोन नमुन्यांत एकच जंतू सापडला, तर निदान पक्के होते. एकाच नमुन्यात कातडीवरचा जंतू आला, तर तो बाहेरून मिसळलेला असू शकतो. प्रयोगशाळेचा पहिला अहवाल साधारण ४८ तासांत येतो आणि त्यावर 'वाढ नाही' असे लिहिलेले असले तरी तो अंतिम नसतो. संथ वाढणाऱ्या जंतूंसाठी कल्चर १४ दिवस ठेवावे लागते, आणि तशी लेखी सूचना प्रयोगशाळेला गेली आहे का, याची खात्री नातेवाइकांनी करून घ्यावी. आपल्या देशात क्षयाच्या जंतूंचाही विचार ठेवावा लागतो. कृत्रिम सांध्यात क्षय क्वचितच होतो, पण नेहमीची कल्चर कोरी येत असतील आणि दुखणे हटत नसेल, तर ऊतींचा एक भाग क्षयाच्या तपासणीसाठी आणि एक भाग सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाठवायला हवा. क्षयाच्या कल्चरला सहा आठवडे किंवा अधिक काळ लागतो.

शस्त्रक्रियेचे पर्याय

पहिला पर्याय सांधा जागेवर ठेवून धुण्याचा. सांधा पूर्ण उघडतात, मेलेली व सुजलेली ऊती कापून काढतात, प्लॅस्टिकची चकती बदलतात, काही लिटर सलाईनच्या पाण्याने धुतात आणि मग दीर्घ काळ प्रतिजैविके देतात. हा उपाय लागू पडण्याच्या अटी कडक आहेत: मूळ शस्त्रक्रियेला साधारण महिन्याच्या आतला काळ, किंवा नंतर अचानक झालेल्या संसर्गात लक्षणांना तीन आठवड्यांहून कमी काळ, सांधा हाडात घट्ट बसलेला, कातडीला छिद्र पडलेले नसणे, आणि जंतूवर चालणारे औषध उपलब्ध असणे. दुर्बिणीतून सांधा धुऊन भागेल का, असे पुष्कळजण विचारतात. दुर्बिणीतून चकती बदलता येत नाही आणि सांध्याच्या मागच्या बाजूपर्यंत नीट पोचता येत नाही; म्हणून उघडून धुणेच योग्य ठरते.

संसर्ग जुना झाला असेल, तर सांधा काढावा लागतो. तो एकाच शस्त्रक्रियेत काढून नवा बसवायचा की दोन टप्प्यांत, हा पुढचा प्रश्न. एका टप्प्याची पद्धत जर्मनीतल्या हॅम्बुर्ग येथे रुजली. तिथे बुखोल्झ या सर्जननी हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळण्याची कल्पना १९७० च्या सुमारास पुढे आणली आणि तीच आज जगभर वापरली जाते. जंतू आधीच ओळखलेला असेल, त्यावर औषध चालत असेल आणि कातडी व हाड चांगले असेल, तर एका टप्प्यात रुग्णाची एक मोठी शस्त्रक्रिया वाचते. खुब्याच्या सांध्याबाबत ब्रिटन आणि स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीड वर्षानंतर एका टप्प्याचे परिणाम दोन टप्प्यांपेक्षा कमी प्रतीचे आढळले नाहीत.

आपल्याकडे बहुतेक सर्जन दोन टप्प्यांची पद्धत पसंत करतात, आणि जंतू अनेक औषधांना दाद न देणारे असताना ती पसंती समजण्याजोगी आहे. पहिल्या टप्प्यात सांधा, जुने सिमेंट आणि बाधित ऊती काढून तिथे व्हँकोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी उष्णता सोसणारी औषधे मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात. त्याला स्पेसर म्हणतात. तो सांध्याची जागा राखतो आणि आजूबाजूला औषध सोडत राहतो. त्यानंतर साधारण सहा आठवडे प्रतिजैविके, पुष्कळ ठिकाणी मग काही दिवस औषधाविना निरीक्षण, आणि जखम कोरडी, सीआरपी उतरलेली, सूज गेलेली असेल तर नवा सांधा. मोठ्या केंद्रांच्या अहवालांत या मार्गाने संसर्ग आटोक्यात येण्याचे प्रमाण साधारण ८० ते ९० टक्के दिसते. पण पहिल्या टप्प्यानंतर प्रकृती ढासळल्यामुळे किंवा पैसे संपल्यामुळे काही रुग्ण दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत, हेही खरे आहे. म्हणून पहिल्या टप्प्याच्या आधीच दोन्ही शस्त्रक्रियांचा, औषधांचा आणि पुन्हा बदलण्यासाठी लागणाऱ्या वेगळ्या सांध्याचा मिळून खर्च लेखी मागावा. विमा असल्यास कंपनीकडून मंजुरीची अट समजून घ्यावी. शासकीय आरोग्य योजनेत काय बसते आणि काय नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांना दाखल होण्याआधी विचारावे.

स्पेसरच्या काळात किती भार द्यायचा, हे स्पेसरच्या प्रकारावर ठरते. काही हलणारे असतात, काही स्थिर. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण चालतो म्हणून आपणही चालावे, असे करू नये. स्पेसर मोडू शकतो आणि हाडही खचू शकते. वॉकरने पाय टेकवायचा की नाही, गुडघा वाकवायचा की पट्ट्यात सरळ ठेवायचा, हे डिस्चार्जच्या वेळी लिहून घ्यावे.

प्रतिजैविकांचा लांबचा प्रवास

औषध कोणते, हे कल्चरच्या अहवालावर आणि त्या जंतूवर कोणते औषध चालते हे पाहणाऱ्या संवेदनशीलता चाचणीवर ठरते. जिथे शक्य असेल तिथे संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञांचा किंवा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा सल्ला सर्जनसोबत घ्यावा, कारण हे औषध आठवडे नव्हे तर महिने चालणार असते. सांधा जागेवर ठेवून धुतला असेल, तर अमेरिकेच्या संसर्गरोग संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टॅफिलोकोकसच्या संसर्गात खुब्यासाठी एकूण सुमारे तीन महिने आणि गुडघ्यासाठी सहा महिने औषध सुचवले आहे. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांच्या गटात १८ टक्के, तर बारा आठवड्यांच्या गटात ९ टक्के रुग्णांमध्ये संसर्ग टिकून राहिला. बरे वाटू लागल्यावर दीड महिन्यात गोळ्या सोडून देण्याचा मोह होतो, तेव्हा हे दोन आकडे आठवावेत.

सलाईनमधून दिलेलेच औषध खरे, गोळी म्हणजे दुय्यम, असा समज आपल्या घरांतून पक्का आहे. ब्रिटनमधील २६ केंद्रांत १०५४ रुग्णांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाडांच्या व सांध्यांच्या संसर्गात सुरुवातीचा फार तर आठवडा सोडून पहिल्या सहा आठवड्यांतले उरलेले दिवस योग्य निवडलेल्या गोळ्या दिल्या, तरी परिणाम शिरेतून दिलेल्या औषधापेक्षा उणा ठरला नाही. जंतूवर चालणारी आणि हाडात नीट पोचणारी गोळी उपलब्ध असेल, तर घरी लवकर जाणे शक्य आहे. काही जंतूंसाठी मात्र इंजेक्शनला पर्याय नसतो. तेव्हा दंडातून आत घातलेली बारीक नळी घरी सांभाळावी लागते. अंघोळीला ती झाकावी, टोकाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत, आणि नळीच्या जागी लाली किंवा औषध सोडताच थंडी वाजली तर लगेच कळवावे.

औषधांपैकी रिफाम्पिसिनबद्दल वेगळे सांगायला हवे. स्टॅफिलोकोकसच्या पापुद्र्यात शिरणारे हे फार उपयोगी औषध आहे, पण ते कधीही एकटे घेत नाहीत, कारण एकटे घेतल्यास जंतू त्याला लगेच निर्ढावतात. त्यामुळेच जखम कोरडी झाल्यावर दुसऱ्या औषधाच्या जोडीने ते सुरू करतात. ही गोळी क्षयावरही देतात, म्हणून औषधाच्या दुकानात 'ही तर टीबीची गोळी' असे ऐकू येते आणि घरचे लोक हादरतात. गैरसमजातून ती बंद केल्याने उपचार फसतो. तिने लघवी, घाम आणि अश्रू नारिंगी होतात. त्यात धोका नाही. धोका आहे तो इतर औषधांशी होणाऱ्या टकरीत: रक्त पातळ करणारी, मधुमेहाची काही, फिट्सची औषधे आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम ती कमी करते. जोडीची दुसरी गोळी एखाद्या कारणाने बंद करावी लागली, तर रिफाम्पिसिनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नये. डोळे पिवळे दिसले, उलट्या झाल्या, भूक गेली, तर यकृताची तपासणी करावी.

लिनेझोलिड दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) उतरू शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासावे, आणि नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगाव्यात. लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्यासोबत दूध, कॅल्शियम, लोहाची गोळी किंवा आम्लपित्ताचे पातळ औषध घेतल्यास औषध आतड्यात अडकते. त्यांत काही तासांचे अंतर ठेवावे. या गोळ्यांवर असताना टाचेमागचा स्नायुबंध दुखू लागला, तर चालणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. व्हँकोमायसिन सावकाश, तासाभराहून अधिक वेळ घेऊन सोडतात आणि मूत्रपिंडाची तपासणी नियमित करतात. घाई करून 'जरा लवकर सोडा' असे नर्सना सांगू नये. कोणत्याही प्रतिजैविकावर दिवसातून अनेकदा पातळ जुलाब सुरू झाले, तर जुलाब बंद करणारी गोळी स्वतःहून घेऊ नये.

या सगळ्या काळात साखर आटोक्यात नसेल, तर जखम भरत नाही. मधुमेहींनी घरी साखर मोजत राहावी, कारण संसर्गात ती चढते आणि काही औषधांवर अचानक उतरतेही. तंबाखू आणि मशेरी दोन्ही बंद करावीत. जेवणात अंडी, मासे, डाळी, दही, पनीर यांपैकी घरात चालत असेल ते रोज असावे; आजारात नुसती पेज आणि मऊ भात देत राहण्याची पद्धत इथे नुकसान करते, कारण प्रथिनांशिवाय टाके धरत नाहीत.

शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर

वय, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार यांमुळे मोठी शस्त्रक्रिया शक्य नसेल आणि सांधा घट्ट असेल, तर जंतूला दाबून ठेवणारी कमी मात्रेची गोळी दीर्घकाळ, कधी आयुष्यभर देतात. यात जंतू जात नाहीत, त्रास आटोक्यात राहतो, हे घरच्यांनी समजून घ्यावे. वारंवार संसर्ग होऊन हाड फार झिजले असेल, तर गुडघ्याचे हाड हाडाशी सरळ जोडणे किंवा खुब्याचा सांधा काढून तसाच ठेवणे हे मार्ग उरतात. सरळ झालेला गुडघा वाकत नाही, एसटीत बसणे अवघड होते, पण पू थांबतो आणि माणूस पायावर उभा राहतो. पाय कापण्याची वेळ फार थोड्यांवर येते, आणि ती येण्याआधी अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या केंद्रात दुसरे मत घेण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. दुसरे मत घेतल्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

उपचार संपल्यानंतर

औषधे बंद झाल्यावरचे पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, कारण दबलेला संसर्ग तेव्हाच डोके वर काढतो. सर्जनने दिलेल्या तारखांना सीआरपी आणि एक्स-रे करावेत आणि किमान दोन वर्षे ही तपासणी चुकवू नये. पायाच्या भेगा, नखातला पू, लघवीची जळजळ, सुजलेली हिरडी यांवर लगेच उपचार घ्यावा. दात काढण्यापूर्वी प्रत्येक कृत्रिम सांधेवाल्याने प्रतिजैविक घ्यावे, असा सरसकट सल्ला आता बहुतेक मार्गदर्शक सूचनांत दिला जात नाही. परंतु ज्यांच्या सांध्याला एकदा संसर्ग झाला आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी दंतवैद्यांकडे जाण्याआधी आपल्या सर्जनना विचारावे. दुसरा गुडघाही बदलायचा असेल, तर पहिल्या गुडघ्यात सापडलेल्या जंतूचा अंतिम कल्चर अहवाल नव्या सर्जनच्या हाती द्यावा. शस्त्रक्रियेच्या वेळी द्यायचे प्रतिबंधक औषध त्यावरून निवडता येते, आणि नाकात व कातडीवर तोच जंतू राहत असल्यास आधी मलम व औषधी साबणाने तो कमी करता येतो.